माटवीची तीन कणसं

बाबा, आपली चाळ पाडायची ठरली आहे. त्याआधीच्या शेवटच्या गणपतीला मंडळ स्मरणिका काढणार आहे आणि तिच्यासाठी तुमच्यावर चार ओळी लिहून द्या, असा परवा फोन आला. खालच्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी आता मंडळाची चिटणीस आहे. ती म्हणाली, ताई, काकांनी तुझ्यासाठी मातीची घमेली गच्चीपर्यंत वाहिली, आणि आज तुझं बियाणं कुठल्या कुठल्या देशांत जातं, हे सगळं येऊ दे त्यात, वाचून पोरांना हुरूप येईल. मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि इतकी चिडले की समोरचा चहा तसाच बेसिनमध्ये ओतला. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी तुमच्याबद्दल चांगलं बोलायचं काम अजून माझ्याच गळ्यात पडतं. तिने एक जुना फोटोही पाठवलाय. चाळीच्या गच्चीवर ताडपत्रीच्या कडेला तुम्ही उभे आहात, बनियन आणि पट्ट्यापट्ट्याचा लेंगा, हात कमरेवर, मागे मक्याची झाडं आणि त्यांतल्या तीन कणसांवर कागदी पिशव्या. जणू सगळं तुम्हीच पिकवलंय अशा रुबाबात उभे आहात. चार ओळी काही जमेनात, म्हणून हे लिहायला बसले.

मी काय काम करते हे तुम्ही मला कधीही विचारलं नाहीत. शेजाऱ्यांना सांगायचात, पोरगी मक्याची लग्नं लावते, आणि ते हसले की तुम्हीही हसायचात. आज विचारलं नसतानाही सांगते. मक्याच्या झाडाला वर तुरा येतो, त्यातून पराग झडतात. खाली कणसाला केस फुटतात. त्या केसांवर पराग पडले तरच दाणा भरतो. पाणी भरपूर असेल तर तुरा आणि केस दोन-तीन दिवसांच्या फरकाने येतात आणि सगळं जुळून येतं. नेमक्या त्या पंधरवड्यात पाऊस दडी मारून बसला की झाड तुरा काढतं, पण केस अडकतात. आठ-दहा दिवसांनी ते बाहेर येतात तेव्हा पराग उडून गेलेले असतात. झाड हिरवं दिसतं, कणीस धरलेलं दिसतं, सोलून पाहावं तर आत चार दाणे. ज्यांच्या घरात दोन्ही वेळा मक्याचीच भाकरी किंवा मक्याचंच पिठलं शिजतं, त्यांचं पुढचं वर्ष त्या चार दाण्यांवर असतं. मी अशी झाडं शोधते जी तहानेतही केस वेळेवर काढतात. त्यांची बी धरायची, पुन्हा पेरायची, पुन्हा तहानेला घालायची, त्यातून उरतील ती पुन्हा. एक वाण हाताशी यायला दहा-बारा वर्षं जातात. आता आमचं ऑफिस परळला आहे, तुमच्या गिरणीच्या शेजारची गिरणी होती त्या जागेवर, बाराव्या मजल्यावर. खिडकीतून आपल्या चाळीची गच्ची दिसते. मी त्या बाजूला पाठ करून बसते.

गच्चीवरचा तो उद्योग माझ्या एम.एस्सी.चा. कॉलेजच्या बागेत तेव्हा बांधकाम चाललं होतं, जागा नव्हती. माझ्या सरांनी डोंगरातल्या पाड्यांवरून गावठी मक्याची बी गोळा करून आणली होती, त्यातली मूठभर मला दिली आणि म्हणाले, जमलं तर घरी लाव, पण पाणी तुझ्या हातात राहिलं पाहिजे. मुंबईत, जून ते सप्टेंबर, पाणी माझ्या हातात. मी तेलाचे छत्तीस रिकामे डबे जमवले, गच्चीवर चार रांगा केल्या आणि वर ताडपत्रीचा मांडव घालायचं ठरवलं. सगळी चाळ घरात पाणी येऊ नये म्हणून ताडपत्र्या बांधत होती आणि मी झाडांवर पाणी पडू नये म्हणून. तुम्ही माती वाहिलीत हे खरं. जिन्यात प्रत्येक मजल्यावर घमेलं टेकवून, प्रत्येक दारात, बघा आमच्या बाईसाहेबांची शेती, असं सांगत वाहिलीत. माती वर पोचेपर्यंत माझी चेष्टा तीन मजले फिरून आलेली असायची.

पिशव्याही तुम्हीच केल्यात. तेही मान्य. एका झाडावर दुसऱ्याचे पराग पडू नयेत म्हणून कणसाला केस फुटायच्या आधी कागदी पिशवी घालायची असते. सकाळी तुऱ्यावरच्या पिशवीत पराग झटकून घ्यायचे, त्याच झाडाच्या केसांवर टाकायचे आणि पिशवी परत बांधायची. ती मग कापणीपर्यंत काढायची नाही. बाहेरच्या पिशव्या परवडणाऱ्या नव्हत्या. तुम्ही लालबागच्या मिठाईवाल्याकडून मेणकागद आणलात आणि रविवारी दुपारभर खळ लावून पिशव्या चिकटवत बसलात, एकसारख्या, कडा दुमडून. मी एक उचलून बघितली. अजून मला तसली नीट पिशवी कुठे मिळालेली नाही, आणि मी कंपन्यांच्या पिशव्या वापरल्यात. तुम्ही गठ्ठा माझ्यापुढे सरकवलात आणि आईला म्हणालात, मिठाईच्या कागदात मका बांधायचा, हे शिकायला सरकारने हिला कॉलेजात घातलंय. देतानाही तुम्हाला एक टोमणा घालूनच द्यायचं असायचं. तुमच्या हातून सरळ काही मिळालं असं मला एकही आठवत नाही.

मांडव बांधायच्या दिवशी आपलं भांडण झालं. चाळीत सगळ्यांच्या ताडपत्र्या तुम्ही बांधायचात, मंडळाचा मंडपही तुमच्याच हातचा, म्हणून तुम्हाला वाटत होतं की हाही तुमचाच. मला मांडव सपाट हवा होता. एका बाजूला उतार दिला तर त्या बाजूच्या झाडांना डोकं वर काढायला जागा राहणार नव्हती, वारा आणि ऊन सगळीकडे सारखं मिळालं नसतं. तुम्ही शेजारच्या दोघांच्या देखत माझ्या हातातली दोरी काढून घेतलीत.

"ढाळ दी गो. नायतर पानी साचतला आनि खयच्यातरी कोपऱ्यात गळतला."

मी म्हटलं, हा तुमचा मंडप नाही, हा प्रयोग आहे, मला माझं कळतं. तुम्ही त्या दोघांकडे बघून हसलात, दोरी सोडलीत आणि खाली निघून गेलात. मांडव मीच बांधला, सपाट. मग पाऊस झाला की वर पाण्याचं पोट सुटायचं, आणि तुम्ही दुपारी बांबू घेऊन वर जाऊन ते खालून ढोसून ओतून द्यायचात. एकदा बांबू निसटून झाडांवर आला, दोन डब्यांच्या चिठ्ठ्या भिजून गेल्या. त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं की यापुढे मांडवाखाली पाऊल टाकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, पाणी साचू दे नाहीतर आभाळ कोसळू दे. तुम्ही बरं म्हणालात. तुमचं ते बरं मला ठाऊक आहे. त्यात समोरच्याला मोडीत काढलेलं असायचं.

तुऱ्यांचा पंधरवडा आला आणि मी पाणी तोडलं. पानं दुपारी गुंडाळायला लागली, खालची पिवळी पडली. त्याच दिवसांत माहीमहून मला बघायला पाहुणे आले होते. आईने पोहे दिले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, शिकून काय करते? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "झाडांक उपाशी मारता. वर गच्चीर जावन बघा." पाहुणे हसले, मुलगाही हसला. मग तुम्ही त्यांना खरंच वर घेऊन गेलात आणि सुकत चाललेली झाडं दाखवलीत. ते स्थळ जमलं नाही याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पण ते परत जाताना जिन्यात त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं की पाण्याला नाही म्हणणारी बाई घरात कशी चालायची, आणि तुम्ही त्याला दुजोरा दिलात. मी दाराआड उभी होते.

रात्री जेवताना मी तुम्हाला समजावून सांगितलं. तुम्हाला वाटतं तेवढी मी मूर्ख नाही, हे तहानेने मरणारं झाड मी मुद्दाम मारते, कारण न मरणारं त्यातूनच सापडतं. जिथे पाऊस येतच नाही तिथल्या माणसांसाठी. तुम्ही भात कालवत होतात. म्हणालात, गावाला आपल्याकडे तहानलेल्या झाडासमोर भरली कळशी घेऊन कोणी पुढे जात नाही, तू कसली शास्त्रज्ञ. एवढंच बोललात आणि ताकाची वाटी तोंडाला लावलीत. मला तेव्हा कळलं की हा माणूस माझं काम कधीच समजून घेणार नाही, कारण याला ते चुकीचं नाही, पाप वाटतं. अडाण्याशी भांडता येतं. पण स्वतःला दयाळू समजणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते मला अजून आलेलं नाही.

आणि मग ती तीन झाडं. मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, शेवटच्या रांगेतले शेवटचे तीन डबे. बाकीच्या तेहतिसांत केस अडकून बसले होते आणि या तिघांनी तुरा फुटल्याच्या तिसऱ्या दिवशी केस काढले, लांब, हिरवट, ओले. तुम्ही केलेल्या पिशव्या कणसांवर आधीच होत्या; मी पराग टाकले, या तिघांच्या पिशव्या परत बांधल्या आणि बाकीच्यांच्या काढून टाकल्या. दहा-बारा दिवसांनी वरून चाचपलं तर कणसं भरत होती. सरांकडे पळत गेले. दुसऱ्या राज्यात एका मोठ्या संशोधन केंद्रात मक्यावर काम करायची एक जागा होती आणि सर आपल्या एकाच विद्यार्थ्याचं नाव पाठवू शकत होते. ते म्हणाले, या तीन कणसांची बी घेऊन ये, मी तुझंच नाव लिहितो. ती बी म्हणजे माझं चाळीतून बाहेर पडणं होतं. शिक्षण तर होतंच, पण मला त्या दहा बाय बाराच्या खोलीतून, तुमच्या टोमण्यांमधून, पोह्यांच्या बश्यांमधून बाहेर पडायचं होतं. कणसं पूर्ण वाळायला अजून महिना होता.

गणपती मध्ये आले. आपल्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी असायची, लाकडाची ती चौकट, तिला तुम्ही नारळ, सुपाऱ्यांचे घोस, कवंडळं, काकडी, हळदीची पानं, भाताच्या लोंब्या बांधायचात. चाळीत कागदाच्या झालरींचं युग आलं तरी तुमची माटवी चुकली नाही. कोणी गावाहून येत असेल त्याला चिठ्ठी पाठवून तुम्ही एकेक फळ मागवायचात. आणि दरवर्षी बांधताना तीच गोष्ट सांगायचात. गावाला वेलीवरची पहिली काकडी, झाडाचं चांगलं फळ, जे देवासाठी ठेवायचं त्याला आजी कापड गुंडाळून ठेवायची. एकदा कापड गुंडाळलं की घरातलं लहान मूलही त्याला बोट लावायचं नाही. ते चतुर्थीच्या आदल्या दिवशी उतरवायचं आणि माटवीला बांधायचं. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. मला पाठ होती.

चतुर्थीच्या सकाळी मी उठून स्वयंपाकघरात आले. आई उकड मळत होती, भटजी यायचे होते, दारात दोन पाहुणे चपला काढत होते. मी मखराकडे बघितलं. माटवीच्या मधोमध, नारळाच्या बाजूला, तीन कणसं. पिशव्या काढून, नीट घड्या घालून खाली पाटावर ठेवलेल्या. हिरवी सालं थोडी मागे ओढून दाणे दिसतील अशी बांधलेली. तुम्ही हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभे होतात आणि तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मी काय काय बोलले ते पाहुण्यांनी ऐकलं, जिन्यातल्यांनी ऐकलं, खालच्या मजल्यावरही गेलं असणार. तुम्ही माझं आयुष्य मातीत घातलंत असं म्हणाले. तुम्हाला अक्कल नाही, तुम्हाला मी पुढे गेलेली बघवत नाही, तुम्ही हे मुद्दाम केलंत. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "हळू बोल गो, माणसा इली हत," एवढंच तिला सुचलं. तुम्ही ताट खाली ठेवलं नाहीत. माझ्याकडे बघितलंत, मग कणसांकडे, आणि म्हणालात, "पिशये घालून राखून ठेवलेली. माका वाटला देवासाठीच."

चुकलो म्हणाला नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही. कणसं उतरवून देतो, असंही म्हणाला नाहीत, कारण माटवीला चढलेलं विसर्जनाआधी उतरत नाही. संध्याकाळी आरतीला आलेल्यांना तुम्ही सांगत होतात की देवाला दिलं ते वाया जात नाही. मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. पाचव्या दिवशी विसर्जनानंतर माटवी सोडली, कणसं उकडली आणि चाळीतल्या पोरांना प्रसाद म्हणून वाटली. मलाही तुकडा पुढे केलात. मी घेतला नाही.

सरांना मी रडत सांगितलं. ते डोक्यावर हात मारून हसले, मग म्हणाले की असं जगात कुठेही कोणाच्या बाबतीत घडलेलं नसेल. त्यांनी त्यातूनही माझं नाव पाठवलं. पत्रात लिहिलं की विद्यार्थिनीचा प्रयोग यशस्वी झाला होता, पण घरगुती दुर्घटनेत बी नष्ट झाली. मला जागा मिळाली. मी गेले. तुम्ही स्टेशनवर आला नाहीत, आईकडे लाडवांचा डबा दिलात. त्या केंद्रात पहिल्या आठवड्यात मी ही गोष्ट सांगितली आणि मंडळी खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसली. तेव्हापासून मी ती सांगतेच आहे. पूर्व आफ्रिकेत, मेक्सिकोत, हैदराबादच्या हॉटेलांत, जेवणानंतर, कोणी म्हणालं की तुमची ती गणपतीची गोष्ट सांगा, की मी सांगते. माझ्या वडिलांनी माझी पदवी देवाला वाहिली. तुमचा आवाज काढून सांगते, मालवणीत, आणि मग त्यांना समजेल अशा भाषेत. तुम्ही जगातल्या अर्ध्या मकावाल्यांना ठाऊक आहात, बाबा, एक विनोद म्हणून. माझी ती फेड होती आणि मला तिची लाज वाटली नाही.

पुढच्या वर्षी गणपतीला मी रजा घेऊन आले तर माटवी नव्हती. कागदाची झालर होती, दादरच्या बाजारातली. आईला विचारलं तर म्हणाली, ह्यांनी चौकट कोणालातरी देऊन टाकली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खरंच बरं वाटलं. त्यानंतर तुम्ही आठ वर्षं जगलात आणि एकदाही माटवी बांधली नाहीत. गच्चीवरही गेला नाहीत, ताडपत्र्या बांधायचं काम दुसऱ्या कोणीतरी उचललं. मी घरी असले की तुम्ही कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी विचारायचात, हे घेऊ का. पेपर घेऊ का, तांब्या उचलू का. मला वाटायचं हा टोमणाच आहे, तुमचा शेवटचा आणि सगळ्यात लांबलेला. केईएमच्या वॉर्डात सुद्धा, उशाशी ठेवलेलं माझं पेन घ्यायला तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, घ्या की, कशाला नाटकं करता.

आता त्या फोटोबद्दल. तो काकूंच्या जावयाने काढलाय, कॅमेऱ्यात दोन फोटो उरले होते म्हणून, चतुर्थीच्या तीन दिवस आधी. मी तुम्हाला मांडवाखाली यायला बंदी केली होती, म्हणून तुम्ही कडेला, टाकीपाशी उभे राहिलात, पण जावयाने त्या तीन कणसांसकट तुम्हाला फोटोत बसवलं. चिटणीसबाईंना त्यात एक बाप दिसतो. मला तुमच्या डोक्यावरची ताडपत्री दिसते. ती त्या कोपऱ्यात खाली लोंबली आहे, पाण्याने टम्म फुगून, आणि त्या फुगवट्याच्या बुडाला एक काळी रेघ आहे, जिथून पाणी उतरत होतं. बरोबर त्या तीन डब्यांवर.

हे मला या आठवड्यात कळलेलं नाही. चतुर्थीच्या दोन दिवस आधी सकाळी मी प्रत्येक डब्याच्या मातीत बोट खुपसून ओल बघत होते. तेहतीस डब्यांची माती कोरडी, कडेने सुटलेली. त्या तिघांत बोट मुळापर्यंत ओलं झालं. मी पहिल्यांदाच खाली वाकून नीट बघितलं. मातीवर शेवाळ होतं. शेवाळ एका दिवसात धरत नाही. ती झाडं तहानेत तगलीच नव्हती. त्यांना तहान लागलीच नव्हती, सबंध पंधरवडा त्यांना थेंब थेंब पाणी मिळत होतं, कारण मी ढाळ दिला नव्हता आणि पाणी ओतून देणाऱ्या माणसाला मी हाकलून दिलं होतं. त्याआधी मी ते शेवाळ बघितलं नव्हतं की मला बघायचं नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. त्या कणसांत होती ती साधी गावठी मक्याची बी, दुसरं काही नाही. मी सरांना काय सांगायचं याचा दोन दिवस विचार करत होते. आणि चतुर्थीच्या सकाळी ती कणसं माटवीवर दिसली.

ओरडत होते तेव्हा मला हलकं वाटत होतं, बाबा. इतकं हलकं मला त्या खोलीत कधीच वाटलं नव्हतं. मी सरांकडे गेले तो गणपतीचा तिसरा दिवस होता. त्यांनी विचारलं, कणसं कुठे आहेत, हिरवी असली तरी सावलीत हळू वाळवली तर थोडे दाणे उगवतील, घेऊन ये. मी सांगितलं, प्रसाद म्हणून वाटून झाली. ती तेव्हा घरी माटवीला लटकत होती.

म्हणून तुम्ही बरोबर होतात असं समजू नका. तुम्ही न विचारता कापलीत, ते तुम्ही कापलंतच. ती खरोखर तगलेली झाडं असती तरी तुम्ही तशीच कापली असतीत आणि तशीच देवाला दिलं म्हणून मिरवलं असतंत. पाहुण्यांसमोरचं तुमचं ते वाक्य तसंच आहे, जिन्यातलं तसंच आहे. त्यांतलं मी काही माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. पण ज्या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला आठ वर्षं तांब्या उचलायची परवानगी मागायला लावली, ती तुमची चूक नव्हती. तुम्ही विचारत होतात तेव्हा मला ठाऊक होतं. आमच्या चाचणीच्या शेतांवर आता मांडव असतो तिथे मी पोरांना सगळ्यांत आधी ढाळ बघायला लावते. हा नियम कोणी शिकवला, असं कोणीतरी एकदा विचारलं. मी म्हटलं, अनुभव.

चिटणीसबाईंना आज दुपारी चार ओळी पाठवल्या. माझ्या वडिलांनी स्वतः माती वाहिली, स्वतः पिशव्या केल्या, त्यांच्या आशीर्वादाने वगैरे. त्यांना आवडल्या. हे पत्र स्मरणिकेत जायचं नाही, कुठेच जायचं नाही. बरोबर फोटोही परत पाठवला, छापायला. तो मी वरून थोडा कापला आहे. त्यात आता तुम्ही आहात, तीन कणसं आहेत, आणि ताडपत्री दिसत नाही.